पाठ मोजता, मग ओझेही मोजा

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला प्रकल्प असतो. आपल्या वस्त्यांतली बरीच मुले-मुली आता पदवीच्या आणि पॉलिटेक्निकच्या त्या वर्षापर्यंत पोचली आहेत. त्यामुळे सेन्सर, बॅटरी, कोड, सोल्डरिंग हे शब्द आपल्या घरांनाही परके राहिलेले नाहीत. अशा प्रकल्पांपैकी एक विद्यार्थ्यांच्या विशेष आवडीचा आहे. पाठीला, कमरेला किंवा खांद्याला लावायचा एक छोटा पट्टा. माणूस पोक काढून बसला की पट्टा थरथरतो आणि ताठ बसायची आठवण देतो. चालायला लागले की पावले मोजतो. रात्री मोबाइलवर दिवसभराचा हिशेब दाखवतो.

प्रकल्प चांगला आहे. थोड्या पैशांत होतो, शिकायला भरपूर मिळते आणि विषय थेट आरोग्याशी जोडलेला आहे. पण हा पट्टा बहुतेक वेळा खुर्चीत बसणाऱ्या, लॅपटॉपवर काम करणाऱ्या माणसाची पाठ डोळ्यांपुढे ठेवून बनवला जातो. बनवणाऱ्याच्या स्वतःच्या घरात मात्र अनेकदा पाठ दुखते ती खराटा मारणाऱ्या वडिलांची, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या आईची, मार्केटयार्डात गोण्या उचलणाऱ्या काकांची. त्यांच्या पाठीला हा पट्टा बांधला तर तो काय सांगेल? माझे मत असे, की आज तो त्यांना उपयोगाचे काही सांगणार नाही, उलट दिशाभूल करील. विद्यार्थ्यांनी मनावर घेतले, तर त्याच सामानातून कष्टकऱ्याच्या खऱ्या कामाची वस्तू तयार होऊ शकते. ती कशी, हे पाहण्यासाठी आधी पट्टा चालतो कसा ते समजून घेऊ.

पट्ट्याच्या आत काय असते?

आत तीन-चार गोष्टी असतात. अंगठ्याच्या नखाएवढ्या पाटीवर बसवलेला एक सेन्सर, बहुतेक वेळा एमपीयू-६०५० नावाचा. त्याचे म्हणणे ऐकून हिशेब करणारी छोटी संगणक-चिप, उदाहरणार्थ ईएसपी-३२. मोबाइलमध्ये असते तशी थरथरणारी बारीक मोटर. आणि एक चार्ज होणारी बॅटरी. हे सारे सामान साधारण दीड-दोन हजार रुपयांच्या आत मिळते.

सेन्सरमध्ये दोन यंत्रे असतात. पहिले ॲक्सिलरोमीटर. ते स्थिर असताना पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण कोणत्या दिशेला आहे ते सांगते. पाठ ताठ असेल तर गुरुत्वाकर्षणाचा सगळा जोर एकाच अक्षावर दिसतो. पाठ पुढे झुकली की तो दोन अक्षांत वाटला जातो आणि त्या वाटणीवरून झुकण्याचा कोन काढता येतो. दहावीच्या त्रिकोणमितीचे गणित आहे हे. पण माणूस चालू लागला की हिसके बसतात आणि हा कोन डळमळतो. म्हणून दुसरे यंत्र, जायरोस्कोप. ते वळण्याचा वेग मोजते. त्याचे एकट्याचे ऐकले तर काही मिनिटांत चूक साठत जाते. म्हणून दोघांची सांगड घालतात. विद्यार्थ्यांना हे ‘कॉम्प्लिमेंटरी फिल्टर’ या नावाने ठाऊक असते.

पावले मोजण्याची रीत आणखी सोपी. पाय जमिनीवर पडला की प्रत्येक वेळी एक हिसका बसतो. आलेख काढला तर तो उंचवट्यासारखा दिसतो. प्रोग्राम हे उंचवटे मोजतो. फार लहान उंचवटे सोडून देतो आणि एकमेकांना फार चिकटून आलेले दोन उंचवटे एकच धरतो.

म्हणजे पट्ट्याला कळतात त्या दोनच गोष्टी: किती कलले आणि किती हिसके बसले. माणूस का कलला, डोक्यावर काय आहे, हातात काय आहे, विसावा मिळाला की नाही, यातले काहीही त्याला कळत नाही. घोटाळा इथून सुरू होतो.

पावलांचा आकडा आणि कष्टाची पावले

पट्टा मनगटाला बांधला तर कपडे आपटताना, भाकरी थापताना तो पावले मोजतो. बस खड्ड्यांतून गेली तरी काही उपकरणे पावले मोजतात. उलट हातगाडी ढकलणाऱ्याचे हात दांडीवर स्थिर असतात, त्यामुळे मनगटावरच्या पट्ट्याला त्याची कितीतरी पावले दिसतच नाहीत. सावकाश, पाय ओढत चालणाऱ्या आजीची पावलेही अशीच गळतात. ज्यांचे चालणे जपायला हवे, त्यांचेच चालणे मोजायला हे यंत्र कमी पडते.

दुसरा प्रश्न आकड्याचा. रोज १०,००० पावले हे लक्ष्य सगळ्यांच्या तोंडी आहे. ते कोण्या वैद्यकीय संशोधनातून आलेले नाही. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ साली जपानमधल्या एका कंपनीने पावले मोजायचे यंत्र बाजारात आणले. त्याच्या नावाचा अर्थच ‘दहा हजार पावले मोजणारे’ असा होता. आकडा लक्षात राहायला सोपा होता, तो जगभर पसरला. २०१९ मध्ये अमेरिकेत सरासरी ७२ वर्षे वयाच्या १६,७४१ स्त्रियांवर झालेला अभ्यास प्रसिद्ध झाला. दिवसाला सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्या स्त्रियांत मृत्यूचे प्रमाण बरेच कमी आढळले, आणि साधारण ७,५०० पावलांनंतर फायदा आणखी वाढताना दिसला नाही. तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांनी दहा हजार झाले नाहीत म्हणून मन खाऊ नये.

कष्टाचे काम करणाऱ्यांच्या बाबतीत मात्र प्रश्न उलटा आहे. चार घरची कामे करणारी ताई दुपारपर्यंतच कितीतरी पावले चाललेली असते. ॲप तिला शाबासकी देते, पडद्यावर फुलबाज्या उडवते. तिला त्या शाबासकीचा काय उपयोग? चालणे आरोग्याला चांगले हे खरे, पण कामातले चालणे आणि मोकळेपणाने केलेले चालणे शरीराला सारखे लागू पडते असे नाही. २०१८ मध्ये ब्रिटनच्या एका क्रीडावैद्यक नियतकालिकात अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. जास्त शारीरिक कष्टाचे काम करणाऱ्या पुरुषांत अकाली मृत्यूचा धोका कमी कष्टाचे काम करणाऱ्यांपेक्षा १८ टक्क्यांनी अधिक दिसला. स्त्रियांत तसा फरक आढळला नाही. यामागे कष्ट किती आणि गरिबी, व्यसन, आहार यांचा वाटा किती, यावर तज्ज्ञांत वाद आहे. पण कारण समजण्यासारखे आहे. बागेत फिरणारा दमला की बसतो. गोणी वाहणारा दमला तरी पुढची गोणी उचलतो. किती वेळ काम, किती वेळ विसावा, हे त्याच्या हातात नसते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सुचवली आहे. अभ्यासिकेत दहा-दहा तास बसणाऱ्या आपल्या स्पर्धापरीक्षेच्या मुलांना ही सूचना तंतोतंत लागू आहे. त्यांच्यासाठी पट्टा आहे तसाच चालेल. त्यांच्या आईसाठी मात्र तो विसाव्याची मिनिटे मोजणारा हवा.

ताठ पाठ म्हणजे निरोगी पाठ?

बांधकामावरच्या बिगारी बाईकडे पाहा. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर विटांनी भरलेले घमेले. मान सरळ, पाठ सरळ, पाऊल मोजून टाकलेले. तोल जाऊ नये म्हणून तिला तसेच चालावे लागते. तिच्या पाठीला विद्यार्थ्यांचा पट्टा बांधला तर तो दिवसभर एकदाही थरथरणार नाही. ॲपवर हिरवा रंग आणि ‘उत्तम’ असा शेरा येईल. मानेच्या मणक्यांवर विटांचा भार आहे, हे त्या हिरव्या रंगाला माहीत नसते. ऊसतोडीची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढणाऱ्या माणसाचेही तेच.

आता खराट्याने रस्ता झाडणारा पाहा. त्याची पाठ वाकलेलीच असणार, कारण खराटा आखूड आहे. पट्टा दर मिनिटाला थरथरेल आणि म्हणेल, सरळ व्हा. तो सरळ झाला तर रस्ता झाडला जाणार नाही. म्हणजे पट्टा त्याला असा दोष लावतो आहे, जो त्याच्या सवयीत नाही, त्याच्या हातातल्या अवजारात आहे.

आपल्याकडे ‘पोक काढू नकोस’ हे लहानपणापासून ऐकवले जाते. पण अमुक एकच बसण्याची पद्धत बरोबर आणि ती पाळली की पाठ दुखत नाही, याला भक्कम पुरावा मिळालेला नाही. पाठ दुखण्याची कारणे अनेक असतात: ओझे, वाकणे-पिळणे, तासन् तास एकाच स्थितीत राहणे, झोप न होणे, काळजी, आधीचे दुखणे. ताठ बसूनही दोन तास हलले नाही तर कंबर धरतेच. मांडी घालून, उकिडवे, पाय सोडून असे आलटून-पालटून बसणारा माणूस बरा राहतो. पट्टा कमरेला एकाच ठिकाणी बांधलेला असेल तर त्याला हेही नीट ओळखता येत नाही, की माणूस पाठीला बाक देऊन बसला आहे की कमरेतून सरळ पुढे वाकला आहे.

हा किरकोळ विषय नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार २०२० मध्ये जगात ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती आणि २०५० पर्यंत हा आकडा ८४ कोटींच्या पुढे जाईल असा अंदाज आहे. माणसाला कामातून उठवणाऱ्या आजारांत कंबरदुखी जगात पहिली आहे. ज्याचे पोट हातावर आहे, त्याची कंबर आठ दिवस गेली तर चूल आठ दिवस थंड राहते.

अवजार बदलले, पाठ वाचली

पाठीला शिस्त लावण्यापेक्षा काम बदलले तर काय होते, याचे एक उदाहरण अमेरिकेतले आहे. कॅलिफोर्नियातल्या शेतांत बीट आणि सॅलडच्या पिकाची विरळणी, खुरपणी करायला मजुरांना अगदी आखूड दांड्याची कुदळ दिली जाई. मजूर बहुतांश मेक्सिकन वंशाचे. ते तिला ‘एल कोर्तितो’, म्हणजे आखूडशी, म्हणत. ती चालवायची तर दिवसभर कमरेतून दुमडूनच राहावे लागे. जमीनमालक म्हणत, आखूड कुदळीने काम बारकाईने होते. पण तिचा आणखी एक उपयोग होता. मजूर पाठ ताणायला क्षणभर उभा राहिला की मुकादमाला लांबून दिसत असे, हा काम करत नाही. मजुरांनी आणि त्यांच्या वकिलांनी लढा दिला, डॉक्टरांनी पाठीच्या कायमच्या दुखापतींची साक्ष दिली, आणि १९७५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर त्या कुदळीवर बंदी आली. दांडा लांब झाला. त्यामुळे शेती बुडाली नाही.

आपल्याकडेही असा विचार झालेला आहे. महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी कामगारांचा कायदा झाला. हमाल-माथाडींच्या संघटनांनी शंभर किलोची गोणी पन्नास किलोवर आणा असा आग्रह वर्षानुवर्षे धरला. हमालाला व्यायाम शिकवा, अशी मागणी त्यांनी केली नाही. गोणी हलकी करा म्हणाले. मुळावर घाव घालणे म्हणतात ते हेच.

पन्नास किलो तरी थोडे आहे का? अमेरिकेच्या कामगार-आरोग्य संस्थेने १९९१ मध्ये ओझे उचलण्याचे एक सूत्र सुधारून मांडले. त्यात सगळे अनुकूल असतानाची मर्यादा २३ किलो धरलेली आहे. अनुकूल म्हणजे ओझे अंगालगत, कमरेच्या आसपासच्या उंचीवर, न पिळता, चांगली पकड असलेले, आणि वारंवार उचलावे न लागणारे. यातली एकेक गोष्ट बिघडली की मर्यादा २३ किलोच्याही खाली येते. आपल्या सिमेंटची एक गोणी ५० किलोची असते.

मुकादमाच्या हातातले पट्टे

मोजमाप कुणाच्या हातात आहे, हा प्रश्न कुदळीच्या गोष्टीतच आला. आज तो मनगटावर आला आहे. नागपूर, चंडीगड अशा शहरांत महापालिकांनी सफाई कामगारांच्या हाताला जीपीएस घड्याळे बांधली. कामगार कोठे आहे, नेमून दिलेल्या हद्दीत आहे का, हे कार्यालयात बसून कळावे हा हेतू. चंडीगडला कामगारांनी त्याविरुद्ध आंदोलनही केले. घड्याळ हजेरी मोजते. हातमोजे मिळाले का, खराट्याचा दांडा केवढा, पाणी प्यायला आणि लघवीला जायला जागा आहे का, हे ते मोजत नाही. ज्या कामात पिढ्यान् पिढ्या एका ठरावीक समाजालाच ढकलले गेले, त्या कामावर हे यंत्र आले तेही पाळत ठेवणारे, ही गोष्ट आपण विसरून चालणार नाही.

विद्यार्थ्यांचा पट्टा उद्या असाच वापरला जाऊ शकतो. वाकलेली पाठ म्हणजे काम चालू, सरळ पाठ म्हणजे बसून आहे, असा अर्थ कोणी ठेकेदार लावू लागला, तर आपण नव्या रूपात आखूड कुदळच बनवून दिली असे होईल. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्यात संमती मोकळेपणाने आणि माहिती देऊन घेतलेली असावी, ती मागे घेता यावी, असे म्हटले आहे. पण त्याच कायद्यात नोकरीच्या काही कारणांसाठी संमतीशिवाय माहिती वापरण्याची वाटही ठेवलेली आहे. त्यामुळे कायद्यावर सगळे सोडून चालणार नाही. रचनेतच काळजी घ्यायला हवी, आणि रचना विद्यार्थ्यांच्या हातात आहे.

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, इतके करा

पहिली गोष्ट, चाचणी कोणावर घेता ते बदला. कॉलेजच्या व्हरांड्यात चार मित्रांना चालायला लावून अचूकतेची टक्केवारी काढली जाते. ती तरुण, निरोगी, बूट घातलेल्या मुलांची टक्केवारी असते. झाडणाऱ्या, लादी पुसणाऱ्या, साडी नेसून ओझे वाहणाऱ्या माणसांवर चाचणी घ्या. पट्टा घामाने सुटतो का, साडीवर टिकतो का, तेही तिथेच कळेल.

दुसरी, सेन्सर एकाऐवजी दोन लावा. एक मानेच्या खाली, एक कमरेच्या मागे. दोघांच्या कोनांतला फरक काढला की पाठीचा बाक आणि कमरेतून वाकणे वेगळे करता येते. खर्च शे-दोनशेनेच वाढेल.

तिसरी, थरथरून रागावणे बंद करा आणि वेळ मोजा. १९९३ मध्ये इंग्लंडमधील नॉटिंगहॅमच्या तज्ज्ञांनी ‘रुला’ नावाची तपासणी-पद्धत मांडली. तिच्यात धडाच्या वाकण्याचे शून्य ते २०, २० ते ६० आणि ६० अंशांपेक्षा जास्त असे गट आहेत आणि ओझ्यालाही वेगळे गुण आहेत. एका तासात किती मिनिटे ६० अंशांच्या पुढे गेली आणि सलग विसावा किती मिळाला, एवढे दोन आकडे कामगाराच्या उपयोगाचे आहेत.

चौथी, ओझे नोंदवा. त्यासाठी महागडा सेन्सर नको. पट्ट्यावर एक बटण द्या. ओझे घेतले की दाबायचे, उतरवले की पुन्हा दाबायचे. घमेले, बादली, गोणी एकदा काट्यावर वजन करून आकडा ॲपमध्ये भरून ठेवा. बिगारी ताईचा तो हिरवा रंग मग खोटा राहणार नाही.

पाचवी, तुलना करा. एकाच माणसाने, एकाच रस्त्यावर, वीस मिनिटे आखूड खराट्याने आणि वीस मिनिटे लांब दांड्याच्या झाडूने झाडायचे. दुसऱ्या दिवशी क्रम उलटा करायचा, म्हणजे थकव्याचा परिणाम एकाच अवजाराच्या वाट्याला येणार नाही. वाकण्याची मिनिटे दोन्हीकडची काढा आणि त्या माणसालाच विचारा, कोणते बरे वाटले. हाच प्रयोग लादी बसून पुसणे आणि दांड्याच्या पोछ्याने पुसणे यांचा करता येतो. असा आलेख घेऊन कामगार संघटना महापालिकेत जाऊ शकते. ‘आमची पाठ दुखते’ या वाक्याकडे दुर्लक्ष करणे सोपे असते, मोजून दाखवलेल्या मिनिटांकडे तेवढे सोपे नसते.

सहावी आणि सर्वांत महत्त्वाची, माहितीचा मालक पट्टा बांधणाराच असू द्या. नोंदी त्याच्याच मोबाइलमध्ये राहाव्यात, सर्व्हरवर आपोआप जाऊ नयेत. जीपीएस बसवू नका, वाकणे मोजायला त्याची गरज नाही. बंद करायचे बटण असावे आणि बंद केले म्हणून कोणाला जाब द्यावा लागू नये. अहवाल मराठीत, मोठ्या अक्षरांत आणि आधी त्या माणसाला दाखवावा. त्याच्या परवानगीनेच इतरांना.

यात परीक्षकांना न आवडण्यासारखे काही नाही. उलट ‘हेच उपकरण बाजारात मिळते, तुम्ही नवीन काय केले?’ हा तोंडी परीक्षेतला हमखास प्रश्न आहे, त्याला यापेक्षा चांगले उत्तर मिळणार नाही.

पट्टा येईपर्यंत

वाचकहो, एक गल्लत टाळा. मोजणारा पट्टा आणि औषधाच्या दुकानात मिळणारा कमरेचा आधारपट्टा या वेगळ्या वस्तू आहेत. आधारपट्ट्याने कंबर बरी होते अशी समजूत आहे. पण डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने दीर्घकाळच्या साध्या कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यात असे पट्टे आणि वजन लावून पाठ ताणणे यांचा नेहमीच्या उपचारात वापर करू नये असे म्हटले आहे. समजावून सांगणे, व्यायाम, काही हस्तोपचार यांची शिफारस केली आहे.

कंबर दुखली म्हणून दिवसचे दिवस अंथरुणाला खिळून राहू नये. झेपेल तेवढी हालचाल चालू ठेवावी. ओझे अंगालगत धरावे, उचलताना कंबर पिळू नये, जड असेल तर दोघांनी उचलावे. वाकून काम असेल तर दर अर्ध्या तासाने उभे राहून पाठ मागे ताणावी. बादली अर्धीच भरून दोन खेपा केल्या तर वेळ जातो, पण पाठ वाचते. घरच्या झाडूला लांब दांडा बसवणे हा पन्नास-शंभर रुपयांचा उपाय आहे.

पायात बधिरपणा किंवा अशक्तपणा येणे, जांघेभोवतीची संवेदना जाणे, लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, पडल्यानंतर सुरू झालेले तीव्र दुखणे, यांपैकी काही झाले तर थांबू नका, लगेच दवाखान्यात जा. दुखण्याबरोबर ताप, रात्रीचा घाम किंवा वजन उतरणे असेल तर मणक्याचा क्षयही असू शकतो. त्याचे निदान आणि औषधोपचार सरकारी रुग्णालयात मोफत होतात.

आणि घरात अभियांत्रिकीचा विद्यार्थी असेल तर त्याला किंवा तिला एवढे विचारा: तुमचा पट्टा आईला बांधून पाहिला का? नसेल तर या रविवारी, ती कामावरून आल्यावर नव्हे, कामाला निघताना तिच्या परवानगीने बांधा. संध्याकाळी आलेल्या आकड्यांत काय दिसते आणि काय दिसत नाही, हे तिच्याशेजारी बसून वाचा. प्रकल्पात पुढे काय सुधारायचे, ते तीच सांगेल.